राखीव खेळाडूने थांबावे की निघावे? पालवणकर बंधूंनी दिलेले उत्तर

मावळातल्या कोणत्याही गावच्या क्रिकेट संघात एक पोरगा हमखास असतो. सरावाला सगळ्यात आधी तोच येतो. स्टंप तोच ठोकतो, ओढ्यात गेलेला बॉल तोच काढतो, पाण्याचा जार तोच उचलतो. सामन्याच्या दिवशी अकरा नावे वाचली जातात, तेव्हा त्याचे नाव बारावे असते. का, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : "थांब ना, तुझा पण नंबर येईल." पवन मावळात जा, आंदर मावळात जा, नाणे मावळात जा, हे वाक्य सगळीकडे सारखेच ऐकू येते. अशी पोरे आम्हाला विचारतात, "दादा, याच संघात थांबू की दुसऱ्या गावाकडून खेळू?"

हा प्रश्न फक्त क्रिकेटचा नाही. पक्षात झेंडे बांधणारा, सतरंज्या उचलणारा आणि तिकीटवाटपाच्या दिवशी "पुढच्या वेळी बघू" हे ऐकून घरी परतणारा आमचा कार्यकर्ताही हेच विचारतो. कंपनीत दहा वर्षे काम शिकून नव्या सुपरवायझरला काम शिकवणारा, पण स्वतः सुपरवायझर न होणारा आमचा भाऊही हेच विचारतो. म्हणून याचे उत्तर खेळाच्या मासिकात नाही, आपल्या इतिहासात शोधावे लागते. आणि ते तिथे आहे.

'राखीव' या शब्दाचे दोन अर्थ

मराठीत राखीव हा शब्द दोन ठिकाणी येतो आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ उलटा होतो. राखीव जागा म्हणजे आत बसण्याचा हक्क. राखीव खेळाडू म्हणजे बाहेर बसण्याचा हुकूम. गंमत अशी की, ज्यांना आपली राखीव जागा डोळ्यांत खुपते, त्यांना आपण राखीव खेळाडू असलेले मात्र अजिबात खुपत नाही. आपण बाकावर बसावे, गरज पडली तर मैदानात यावे, गरज संपली की पुन्हा बाकावर जावे, ही व्यवस्था त्यांना फार सोयीची वाटते. 'गुणवत्ता' हा शब्द ते पहिल्या ठिकाणी मोठ्याने उच्चारतात आणि दुसऱ्या ठिकाणी गिळून टाकतात.

गुणवत्ता असूनही दुसऱ्या जागेवर ठेवले गेलेल्या माणसाचे आपल्याकडचे सर्वात मोठे उदाहरण म्हणजे पालवणकर बाळू. भारतीय क्रिकेटचा पहिला थोर गोलंदाज. चांभार समाजातला माणूस. आज आयपीएलच्या दहा संघांची नावे एका दमात म्हणणाऱ्या आमच्या पोरांना हे नाव ठाऊक नसते, हा त्यांचा दोष नाही. ते नाव त्यांच्यापर्यंत पोहोचू दिले गेले नाही.

तीन रुपये, चार रुपये आणि मातीचा कप

बाळूंचा जन्म धारवाडचा. कुटुंब मूळचे कोकणातल्या पालवणचे. वडील लष्कराच्या नोकरीत होते, त्यामुळे बाळूंचे बालपण पुण्यात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट आणि बॉलवर बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम खेळ शिकले. लक्षात घ्या, गावगाड्याबाहेरची लष्करी छावणी ही आपल्या कितीतरी माणसांची पहिली शाळा होती. सुभेदार रामजींच्या घरात जे घडले त्याची मुळेही छावणीतच आहेत.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या क्रिकेट क्लबवर. काम काय, तर खेळपट्टी झाडणे आणि रोलर फिरवणे. पगार महिना ३ रुपये. १८९२ मध्ये ते गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये गेले. तिथे पगार ४ रुपये झाला. जाळी उभारायची, खेळपट्टी आखायची, टेनिस कोर्टाच्या रेषा मारायच्या. आणि उरलेल्या वेळात साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायची. जे. जी. ग्रेग हा त्या काळातला नावाजलेला फलंदाज. त्याला बाळूंनी तासन्तास गोलंदाजी टाकली. डाव्या हाताची फिरकी त्यातूनच घडली. पण बॅट त्यांच्या हातात कोणी दिली नाही. गड्याने बॉल टाकायचा, बॅट धरायची नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. न लिहिलेले नियमच आपल्याकडे जास्त कडक पाळले जातात.

मग पुण्याच्या हिंदूंच्या क्लबला गोऱ्यांशी सामना खेळायचा होता. गोऱ्यांचा सर्वोत्तम फलंदाज रोज कोणाच्या गोलंदाजीवर सराव करतो, हे सगळ्या पुण्याला माहीत होते. तरी बाळूंना घ्यायचे की नाही यावर वाद झाला. काही तेलुगू सभासद घ्या म्हणाले, पुण्यातले ब्राह्मण सभासद नको म्हणाले. शेवटी विकेट हव्या होत्या म्हणून घेतले. मैदानावर ज्या हातातून बॉल घेतला, त्याच हाताला चहाच्या वेळी पॅव्हेलियनच्या बाहेर मातीचा कप दिला गेला. बाकीच्यांना आत चिनी मातीचे कप. जेवणही वेगळे. बाळूंचा बॉल चालत होता, त्यांचा स्पर्श चालत नव्हता.

इथे पहिला प्रश्न येतो. बाळूंनी त्याच दिवशी कप फेकून निघून जायला हवे होते का? आज मोबाइल हातात घेऊन "हो" म्हणणे फार सोपे आहे. चार रुपये पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला जायला दुसरी जागा नव्हती. जाण्यासाठी जागा लागते. ज्याच्याकडे ती नाही त्याचे थांबणे म्हणजे लाचारी नव्हे. ते थांबणे म्हणजे शिकणे असू शकते, पण एका अटीवर : थांबलेल्या माणसाने कप विसरता कामा नये.

घाट ओलांडला, कमिटी तीच

१८९६ च्या सुमारास प्लेग आला आणि बाळू पुणे सोडून मुंबईला गेले. पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी तेव्हाही आपल्या लोणावळ्यावरूनच, १८६३ मध्ये सुरू झालेल्या भोर घाटातल्या रेल्वेमार्गानेच उतरत होती. मुंबईत बाळू परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी संघ बदलला. त्याचा फायदा झाला का? झाला. मोठे मैदान मिळाले, पगार मिळाला, सामने मिळाले. मुंबईतही त्यांना घ्यायला सुरुवातीला काही सभासदांचा विरोध होताच, पण तो मोडून निघाला.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. बाळूंनी त्या सामन्यात ८ बळी घेतले. ज्या हिंदूंनी बाळूला घेतले म्हणून आपण जिंकलो, त्यांनी जातीचा विचार करावा, असे त्या काळातल्या सुधारक वृत्तपत्रांनाही लिहावे लागले. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराज मेजवान्यांत रमले, संघ सामने हरत राहिला, आणि बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

आता हिशोब मांडा. एवढे बळी घेणारा, सगळ्यात अनुभवी खेळाडू. त्याला हिंदू संघाचे कर्णधार करायला काय हरकत होती? १९१० पासून जवळजवळ दरवर्षी ही मागणी होत राहिली आणि दरवर्षी कर्णधार दुसराच कोणी झाला. एम. डी. पै कर्णधार होते. त्यांच्या प्रामाणिकपणाची नोंद केलीच पाहिजे. १९१३ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितले की हा मान बाळूंना मिळायला हवा होता, ते ज्येष्ठ आहेत. पण मान पैंनी द्यायचा नव्हता, कमिटीने द्यायचा होता. आणि कमिटी गप्प होती.

यातला मुद्दा आमच्या तरुणांनी पक्का ध्यानात ठेवावा. क्रिकेटमध्ये दोन वह्या असतात. एक स्कोअरबुक. त्यात विकेट घेतली की लिहावी लागते, लिहिणारा कोणत्याही जातीचा असो. दुसरी कमिटीची वही. त्यात काय लिहायचे ते बंद खोलीत ठरते. स्कोअरबुकात बाळू पहिले होते, कमिटीच्या वहीत ते कायम राखीव. स्कोअरबुकातली लढाई मेहनतीने जिंकता येते. कमिटीच्या वहीतली लढाई नुसत्या मेहनतीने कधीच जिंकता येत नाही. उलट तुम्ही जितके जास्त बळी घ्याल तितकी कमिटी जास्त निश्चिंत होते : हा तर थांबलेलाच आहे, हा कुठे जातोय?

१९२० : भाऊ निघाले, तेव्हा दार हलले

१९२० हे साल आपल्या चळवळीत काय आहे हे वेगळे सांगायला नको. ३१ जानेवारीला 'मूकनायक' निघाला. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. मुक्यांना वाचा फुटण्याचे ते वर्ष होते. त्याच वर्षी क्रिकेटच्या मैदानावरही एक वाचा फुटली.

चौरंगी स्पर्धेच्या वेळी बाळूंना पुन्हा डावलले गेले. तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी हिंदू संघातून माघार घेतली. दोघेही संघाचे आधारस्तंभ होते, विठ्ठल तर त्या वेळचे आघाडीचे फलंदाज. त्यांनी आपल्या माघारीचे कारण लपवले नाही, लोकांसमोर मांडले. दहा वर्षांच्या मागण्यांनी, पैंच्या जाहीर कबुलीने आणि शेकडो बळींनी जे झाले नव्हते, ते या माघारीनंतर थोड्या काळात झाले. बाळूंना उपकर्णधार करण्यात आले, भाऊ संघात परतले, आणि सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेल्यावर बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. पूर्ण न्याय झाला नाही. बाळूंचे वय तोवर चाळिशीपार गेले होते. पण तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने ती स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मंजूर झाला. मैदान आणि पाणवठा, दोन्ही दारे एकाच काळात किलकिली झाली.

काही लोक ही गोष्ट अशी सांगतात की, बाळूंनी संयम ठेवला, त्यांच्या संयमाचे फळ त्यांच्या भावाला मिळाले. आम्हाला हे मान्य नाही. नुसत्या संयमाला दहा वर्षांत काहीच मिळाले नव्हते. बाळूंच्या थांबण्याने पालवणकरांची किंमत वाढवली आणि भावांच्या निघण्याने ती किंमत वसूल केली. दोन्ही गोष्टी लागल्या. किंमत नसताना निघालात तर कोणी हाक मारत नाही. किंमत असूनही कधीच निघाला नाहीत तर कोणी मोजत नाही.

आणि आणखी एक गोष्ट. ते एकटे निघाले नाहीत. एक भाऊ गेला असता तर कमिटीने "रागीट आहे" म्हणून सोडून दिले असते. दोघे गेले, कारण सांगून गेले, संघाला गरज होती त्या वेळी गेले. म्हणून त्याला रुसवा म्हणता आले नाही, बहिष्कार म्हणावे लागले.

अमेरिकेत हाच प्रश्न

हा प्रश्न जगात फक्त आपल्यालाच पडला आहे असे नाही. अमेरिकेत कॉलेजांच्या फुटबॉलला अफाट महत्त्व आहे. हा फुटबॉल वेगळा, हाताने फेकण्याचा. त्यात क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू असतो, जो डाव चालवतो आणि चेंडू फेकतो. मैदानात एका वेळी तो एकच असतो, म्हणून दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक वर्षानुवर्षे बाकावर बसतो. पूर्वी कॉलेज बदलले की सहसा एक वर्ष खेळता येत नसे. २०१८ मध्ये बदलीची नवी पद्धत आली आणि २०२१ पासून एकदा कॉलेज बदलल्यास लगेच खेळण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून थांबावे की जावे हा तिथे घराघरातला वाद झाला आहे.

त्या जागेलाही रंगाचा इतिहास आहे. काळा माणूस धावेल, अडवेल, पण डोके चालवण्याची जागा त्याची नाही, असे गोरे प्रशिक्षक दशकानुदशके मानत आले. १९६८ मध्ये डेन्व्हरच्या संघात मार्लिन ब्रिस्को याला ती जागा मिळाली आणि त्याने ती गाजवली. तरी पुढच्या वर्षी ती त्याला दिली नाही. त्याला संघही बदलावा लागला आणि जागाही. तो झेल घेणारा खेळाडू झाला. वॉरन मून याने १९७८ मध्ये आपल्या कॉलेजला मोठा सामना जिंकून दिला, तरी अमेरिकेतल्या एकाही व्यावसायिक संघाने त्याला क्वार्टरबॅक म्हणून निवडले नाही. जागा बदल, मग घेतो, असा तो व्यवहार होता. मूनने जागा बदलली नाही, देश बदलला. कॅनडात गेला, एडमंटनच्या संघाबरोबर सलग पाच वेळा तिथला सर्वोच्च करंडक जिंकला, आणि १९८४ मध्ये अमेरिकेत परतला तो स्वतःच्या अटींवर.

अलीकडचा जेलन हर्ट्स पाहा. जानेवारी २०१८ मध्ये, राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात, अर्ध्यातून त्याला बाकावर बसवले. तो लगेच गेला नाही. एक वर्ष राखीव म्हणून थांबला, त्या वर्षाअखेरीस संकटात सापडलेल्या त्याच संघाला सामना जिंकून दिला, आणि मग दुसऱ्या विद्यापीठात गेला. २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाला त्याने देशाचे अजिंक्यपद मिळवून दिले.

ब्रिस्कोने आपली जागा गमावली, मूनने जागेसाठी देश सोडला, हर्ट्सने थांबून आणि जाऊन दोन्ही केले. या तिघांत एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : संघ बदलला तरी चालेल, जागा बदलू नका. तुम्ही गोलंदाज असाल तर "तू पाणी छान देतोस" या कौतुकावर खूश होऊन पाणीवाले होऊ नका. तुम्ही नेतृत्व करू शकत असाल तर 'सेल'चे अध्यक्षपद घेऊन समाधान मानू नका.

बाबासाहेबांनी आधी काय केले

आता मोठ्या मैदानाकडे येऊ. थांबावे की निघावे या प्रश्नाचे सर्वात मोठे उत्तर बाबासाहेबांनी दिले आहे, आणि ते घाईत दिलेले नाही. २० मार्च १९२७ ला महाडचे चवदार तळे. २ मार्च १९३० पासून नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह. हे दोन्ही लढे आत राहून हक्क मागण्याचे होते. वर्षानुवर्षे दार ठोठावले, तरी ते उघडले नाही. तेव्हा १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही.

पण जाहीर केल्यावर ते दुसऱ्या दिवशी निघाले का? नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारेपर्यंत २१ वर्षे गेली. या २१ वर्षांत त्यांनी कुठे जायचे याचा अभ्यास केला. कोणत्या घरात गेल्यावर पुन्हा मातीचा कप हाती येणार नाही हे तपासले. आपल्या भागातले देहू रोड याला साक्षी आहे. २५ डिसेंबर १९५४ ला तिथे बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली, दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. म्हणजे निघण्याआधी नव्या घराचा पाया घातला जात होता. आणि निघाले तेव्हा एकटे निघाले नाहीत, लाखोंना घेऊन निघाले.

एकट्या माणसाने संघ बदलला तर फक्त जर्सी बदलते. समाज निघाला तर नियम बदलतो.

जो थांबतच राहतो त्याचे काय होते

बाळूंच्या आयुष्याचा पुढचा भाग आपल्याकडे टाळला जातो. तो टाळू नये. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर बाबासाहेबांच्या सहीबरोबर पी. बाळूंचीही सही आहे, पण ते गांधीजींच्या बाजूचे मानले जात होते. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत थेट बाबासाहेबांविरुद्ध बाळूंना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. फरक २,०२० मतांचा.

विचार करा. ज्या माणसाला हिंदू संघाचे कर्णधारपद दहा वर्षे मिळाले नाही, त्याला उमेदवारी मात्र बाबासाहेबांना पाडण्यासाठी लगेच मिळाली. राखीव खेळाडूला मैदानात कधी उतरवतात, याचे यापेक्षा उघड उदाहरण नाही. मालकाला गरज पडेल तेव्हा, मालकाच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध.

यावरून बाळूंना गद्दार म्हणणारे आमचे काही मित्र आहेत. आम्ही तसे म्हणत नाही. बाबासाहेबांच्या तरुणपणी साऱ्या अस्पृश्य समाजाला ज्या माणसाचा अभिमान वाटत होता, त्याला एका शब्दात निकालात काढणे हा इतिहास नव्हे. बाळूंचा विश्वास होता की खेळात जसे हळूहळू दार उघडले तसे समाजातही उघडेल. तो विश्वास चुकीचा होता, पण खोटा नव्हता. स्कोअरबुकवर आयुष्य काढलेल्या माणसाला वाटले की समाजही स्कोअरबुक पाहून निर्णय घेतो. बाबासाहेबांना कमिटीची वही वाचता येत होती. दोघांतला फरक एवढाच, पण त्या फरकातून आपला सगळा पुढचा इतिहास घडला. ४ जुलै १९५५ ला बाळूंचे मुंबईत निधन झाले. नागपूरची दीक्षा त्यांनी पाहिली नाही.

उलट बाजूचाही विचार

इथे कोणी म्हणेल, मग सरळ सांगा ना, निघा म्हणून. आम्ही ते सांगणार नाही, कारण निघण्याचाही एक रोग आपल्याला जडला आहे. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि काही वर्षांत त्याचे गट पडू लागले. प्रत्येक गटाकडे निघण्याचे कारण होते, पोहोचण्याची जागा नव्हती. १९७२ मध्ये पँथर उभी राहिली, तिने महाराष्ट्र हलवला, आणि दोनच वर्षांत तीही फुटली. ज्याला कर्णधार केले नाही त्याने नवा संघ काढला, त्या संघात ज्याला केले नाही त्याने आणखी एक. शेवटी संघ इतके झाले की प्रत्येकाकडे कर्णधार आहे आणि अकरा खेळाडू कोणाकडेच नाहीत. याचा फायदा कोणाला झाला हे सांगायची गरज आहे का?

विठ्ठल आणि शिवराम निघाले ते थोरल्या भावाच्या हक्कासाठी. स्वतःच्या कर्णधारपदासाठी नाही. म्हणून त्यांची माघार वजनदार ठरली. आपल्यातले बहुतेक जण निघतात ते स्वतःच्या नंबरासाठी. हा फरक आहे.

तर मग काय करावे

तुम्ही विचारता म्हणून सांगतो. निर्णय घेण्याआधी चार प्रश्न स्वतःला विचारा.

पहिला, मी इथे काही शिकतो आहे का? शिकत असाल तर थांबा. बाळू ग्रेगला बॉल टाकत थांबले, ते फुकट गेले नाही. पण शिकणे संपले असेल आणि फक्त पाणी देणे उरले असेल तर तो थांबा तुमचा नाही.

दुसरा, मला बाहेर ठेवणारे स्कोअरबुक आहे की कमिटी? तुमच्यापेक्षा पुढचा खेळाडू खरोखर सरस असेल तर मनाचा मोठेपणा दाखवा, सराव वाढवा. प्रत्येक वगळण्याला जातीचे नाव देऊ नका, त्याने खऱ्या अन्यायाचा आवाज बारीक होतो. पण तुमचे आकडे सरस असूनही निर्णय बंद खोलीत होत असेल तर सरावाने तो बदलणार नाही.

तिसरा, मी जाणार कुठे? नुसता राग म्हणजे पत्ता नव्हे. क्रिकेटमध्ये राज्याचा संघ बदलायचा तर आधी जुन्या संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. म्हणजे जाण्याचीही किल्ली ज्यांनी बसवून ठेवले त्यांच्याच हातात. म्हणून नियम वाचा, कागद तयार ठेवा, पुढची जागा पक्की करा, मग बोला.

चौथा, माझ्याबरोबर कोण आहे? एकटे असाल तर आधी दोन होऊन या. कारण लिहून द्या, सगळ्यांसमोर द्या, आणि तुमची गरज असेल त्या वेळी द्या.

आपल्या तालुक्यात गहुंजेला, द्रुतगती मार्गाच्या कडेला, २०१२ पासून आंतरराष्ट्रीय स्टेडियम उभे आहे. त्याचे दिवे मावळातल्या पोरांना लांबून दिसतात. त्या मैदानावर रोलर कोण ओढतो, गवत कोण कापतो, आणि कमिटीच्या खोलीत कोण बसतो, हे तीन प्रश्न विचारायला तिकीट लागत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात रोलर ओढणाऱ्या एका माणसाने भारतीय गोलंदाजीचा पाया घातला. आज रोलर ओढणाऱ्यांची पोरे कुठे आहेत, हे आम्ही विचारत राहू.

आणि कुठे जावे असे कोणी विचारले तर वर डोंगराकडे बोट दाखवू. कार्ल्याच्या चैत्यगृहात दान देणाऱ्यांची आणि काम करणाऱ्यांची नावे दोन हजार वर्षांपासून कोरलेली आहेत. त्यात धेनुकाकटाच्या एका सुताराचे नाव आहे, ज्याने तिथले दार घडवले. राजाचे नाही, सुताराचे. ज्याने काम केले त्याचे नाव दारावर, असा तो न्याय होता. जिथे तुमच्या कामाची नोंद तुमच्या नावाने होते तिथे थांबा. होत नसेल तर ती व्हावी म्हणून संघटित होऊन भांडा. भांडूनही होत नसेल तर सगळे मिळून निघा, आणि निघताना मातीचा कप तिथेच ठेवून या.

जयभीम.